काफ्काची जोडणी होत नाही म्हणून सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात पाच जणांची टीम आहे, ट्रक आत्ता कुठे पोचला हे ग्राहकाला दाखवणारं ॲप आहे. ॲप एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था) चालतं. काफ्का म्हणजे सर्व्हिसमधले मेसेज साठवून पुढे देणारी प्रणाली; तिचे तीन ब्रोकर, म्हणजे सर्व्हर, त्याच रीजनमध्ये, पण दुसऱ्या अकाउंटमध्ये आणि दुसऱ्या व्हीपीसीत (क्लाउडमधल्या खासगी नेटवर्कमध्ये) आहेत, आणि ते भागीदार कंपनीची माणसं सांभाळतात. आज ब्रोकरांना पब्लिक आयपी आहे, ९०९२ पोर्ट उघडं आहे, आणि एकच युजरनेम-पासवर्ड सगळ्या सर्व्हिस वापरतात. ९०९३ वर टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) लावून बघितलं, तर पहिला हँडशेक (जोडणी उघडतानाची देवाणघेवाण) होतो आणि मग मेसेज जातच नाहीत, दोन मिनिटांनी टाइमआउट येतो. कोणीतरी सांगितलं की क्लायंटमधली (काफ्काला जोडणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममधली) सर्टिफिकेटची तपासणी, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे ना ही खात्री, बंद करा, जमेल. ते करावं का, आणि नीट करायचं तर कसं?

करू नका. बारा-तेरा वर्षं मी अशा जोडण्या बसवतोय आणि इतरांनी बसवलेल्या तपासतोय. जितकी भगदाडं सापडली त्यातली बरीचशी अशाच एका रात्रीची होती: डिलिव्हरी सकाळी आहे, जोडणी होत नाहीये, कोणीतरी एक ओळ बदलतं, जोडणी होते, सगळे घरी जातात. ती ओळ पुढे दोन-तीन वर्षं तशीच राहते. म्हणून आधी जोडणी का होत नाही ते नीट समजून घ्या. ते समजलं की तपासणी बंद करायची वेळच येत नाही.

तुमच्या बाबतीत तर तो सल्ला धोक्याचा आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. सर्टिफिकेटवरचं नाव जुळलं नाही तर हँडशेक तिथल्या तिथे मोडतो आणि तशी स्पष्ट एरर येते. टाइमआउट येणं म्हणजे पलीकडून कोणी उत्तरच देत नाहीये. या दोन वेगळ्या व्याधी आहेत.

काफ्काची जोडणी दोन पायऱ्यांत होते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपण क्लायंटला जो पत्ता देतो तो फक्त बूटस्ट्रॅपचा, म्हणजे पहिल्या भेटीचा. क्लायंट तिथे जातो आणि विचारतो, 'या क्लस्टरमध्ये कोण कोण आहे, आणि माझ्या टॉपिकचा लीडर कोण?' (टॉपिक म्हणजे मेसेजचा एक प्रवाह, लीडर म्हणजे तो सांभाळणारा ब्रोकर.) ब्रोकर उत्तरात मेटाडेटा देतो: पहिला ब्रोकर अमुक पत्त्यावर, दुसरा तमुक पत्त्यावर. त्यानंतर क्लायंट बूटस्ट्रॅपचा पत्ता बाजूला ठेवतो आणि मेटाडेटामधल्या पत्त्यांवर थेट जातो. हे पत्ते ब्रोकरच्या 'अ‍ॅडव्हर्टाइज्ड लिसनर्स' या सेटिंगमधून येतात; लिसनर म्हणजे ब्रोकर ज्या पोर्टवर जोडण्या घेतो ते दार. तुमच्या भागीदारांनी ९०९२ साठी तिथे पब्लिक आयपी टाकला असणार, म्हणून ते चालतं. ९०९३ चा लिसनर नव्याने जोडताना तिथे त्यांच्या व्हीपीसीतला खासगी पत्ता राहिला असणार, दहा-शून्य-तीन-सतरा अशा धर्तीचा. तुमचा पॉड (कुबरनेटीसवर चालणारा ॲपचा भाग) प्रामाणिकपणे त्या पत्त्यावर जातो, आणि तुमच्या व्हीपीसीतून तिथे रस्ताच नाही. प्रोड्यूसर (मेसेज पाठवणारा क्लायंट) मेसेज हातात धरून बसतो आणि मुळातली १२० सेकंदांची डिलिव्हरी टाइमआउट संपली की तो मुदत संपली म्हणून सोडून देतो. तुमची दोन मिनिटं तीच आहेत.

खात्री करायची असेल तर केकॅट नावाचं छोटं साधन आहे (पूर्वी त्याला काफ्काकॅट म्हणायचे). ते पॉडमधून चालवून फक्त मेटाडेटा मागवा. ब्रोकरांची यादी पत्त्यांसकट समोर येते. त्यातला प्रत्येक पत्ता पॉडमधून गाठता येतो का, ते एकेक करून बघा. हा पाच मिनिटांचा उद्योग आहे, आणि मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की पहिलं काम हेच करतो.

भागीदारांकडून ब्रोकरचे लॉगही मागवा आणि त्यात दोन आकडे शोधा. पहिला ३६९२९५६१६. 'इनव्हॅलिड रिसीव्ह, साइज ३६९२९५६१६' अशी ओळ दिसली तर घाबरून मेमरी वाढवू नका, एवढा मोठा मेसेज कोणीही पाठवलेला नसतो. काफ्का आलेल्या पहिल्या चार बाइट मेसेजची लांबी म्हणून वाचतं. टीएलएस बोलणारा क्लायंट साध्या पोर्टवर गेला की पहिल्या बाइट २२, ३, १, ० अशा येतात, आणि त्या एकत्र वाचल्या की हाच आकडा होतो. म्हणजे कोणीतरी टीएलएस लावलेला क्लायंट चुकून ९०९२ वर धाडलाय. याच्या उलटही होतं: साधा क्लायंट टीएलएसच्या पोर्टवर गेला तर तो उत्तराच्या बाइट लांबी समजून तेवढी मेमरी मागतो, आणि जावाचा क्लायंट कधी कधी 'आउट ऑफ मेमरी' म्हणून कोसळतो. लोक मग पॉडची मेमरी दुप्पट करत बसतात.

दुसरा आकडा ११९५७२५८५६. या चार बाइट म्हणजे जी, ई, टी ही तीन अक्षरं आणि एक स्पेस. वेबपेज मागणारी विनंती अशीच सुरू होते. तुमच्या स्वतःच्या एखाद्या हेल्थ चेकचं हे काम नसेल, तर इंटरनेटवरून कोणीतरी तुमचं पोर्ट ठोठावून बघतंय. तुम्ही लिहिलंय की फायरवॉलमध्ये फक्त आमचा आयपी आहे. मग हा आकडा लॉगमध्ये दिसायलाच नको. दिसला, तर फायरवॉल तुम्हाला वाटते तशी नाही. मी हा आकडा प्रत्येक ठिकाणी शोधतो, आणि 'आमचं पोर्ट बंद आहे' असं ठामपणे सांगणाऱ्यांच्या लॉगमध्येही तो मला सापडलाय.

आता रस्ता कुठला घ्यायचा ते बघू. दोन्ही बाजू एकाच रीजनमध्ये आहेत, तेव्हा हा सगळा डेटा पब्लिक आयपीवरून नेण्याचं काही कारण नाही. दोन पर्याय आहेत. व्हीपीसी पीअरिंग, म्हणजे दोन व्हीपीसी थेट जोडणं, सोपं आणि स्वस्त आहे, पण दोघांच्या आयपी रेंज एकमेकांवर चढता कामा नयेत. इथे बहुतेकांचं अडतं, कारण एडब्ल्यूएसच्या प्रत्येक डिफॉल्ट व्हीपीसीची रेंज १७२.३१ पासूनच सुरू होते, आणि जे स्वतः बनवतात ते हटकून १०.० घेतात. शिवाय पीअरिंगमध्ये दोन्ही नेटवर्क एकमेकांना दिसतात. भागीदार कंपनी वेगळी असताना मला ते रुचत नाही. सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसचे फायरवॉलचे नियम) नीट असले तर धोका आटोक्यात राहतो, पण ते कायम नीटच राहतील यावर तुमचा ताबा नाही.

म्हणून तुमच्यासाठी मी प्रायव्हेटलिंक सुचवेन, म्हणजे दुसऱ्याच्या व्हीपीसीतली एकच सेवा आपल्या व्हीपीसीत आणून देणारी एडब्ल्यूएसची सोय. त्यात जोडणी एकाच दिशेने उघडता येते, तुमच्याकडून त्यांच्याकडे, आणि रेंज एकसारख्या असल्या तरी बिघडत नाही. पण वर सांगितलेली दोन पायऱ्यांची गोष्ट इथे पुन्हा आडवी येते. समोर नुसता एक लोड बॅलन्सर (आलेल्या जोडण्या वाटून देणारा) ठेवून चालत नाही. क्लायंटला ठरावीक ब्रोकरकडेच जायचं असतं, कुठल्याही नाही. सरळ उपाय असा: नेटवर्क लोड बॅलन्सरवर प्रत्येक ब्रोकरसाठी वेगळं पोर्ट, समजा ९१०१, ९१०२, ९१०३, आणि प्रत्येक पोर्टमागे एकच ब्रोकर. ब्रोकरवर तुमच्यासाठी तिसरा, वेगळा लिसनर. त्याच्या जाहीर पत्त्यात खासगी डोमेनमधलं नाव आणि ते ठरावीक पोर्ट. तुमच्या बाजूला रूट ५३ च्या (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) प्रायव्हेट झोनमध्ये ती नावं एंडपॉइंटकडे (प्रायव्हेटलिंकचं तुमच्याकडचं टोक) वळवा. ब्रोकर आपसात बोलतात तो लिसनर आहे तसाच राहू द्या, त्याला हात लावायला सांगू नका.

सर्टिफिकेटमध्ये नेमकी हीच नावं हवीत, म्हणजे क्लायंट ज्या नावाने हाक मारतो ती. आयपी पत्ता किंवा मशीनचं अंतर्गत नाव उपयोगाचं नाही. काफ्का २.० पासून (२०१८) जावा क्लायंट नाव जुळतं का हे आपोआप तपासतो. लिबआरडीकाफ्का या लायब्ररीवर उभे असलेले पायथनचे आणि गोचे क्लायंट तिच्या २.० आवृत्तीपासून. तुमचा क्लायंट त्याआधीचा असेल तर तपासणी बंद करण्याचा प्रश्नच नाही, ती आधीपासून बंदच आहे, आवृत्ती वाढवा. नावं अंतर्गत असल्यामुळे सर्टिफिकेट स्वतःच्या खासगी सीएकडून (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) काढा आणि त्या सीएचं सर्टिफिकेट क्लायंटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वास ठेवायच्या सर्टिफिकेटांच्या साठ्यात) घाला. मुदत लहान ठेवा आणि नूतनीकरण पहिल्या दिवसापासून आपोआप होऊ द्या. काफ्काच्या ब्रोकरला नवी कीस्टोअर (सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली असलेली फाइल) रीस्टार्ट न करता वाचायला लावता येते, तेव्हा 'ब्रोकर बंद करावा लागेल' ही सबब कोणी सांगितली तर ऐकू नका.

आता ओळखीचा भाग, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. तुमच्या सगळ्या सर्व्हिस एकच पासवर्ड वापरतात. म्हणजे जागा नोंदवणारी सर्व्हिस, बिलं काढणारी सर्व्हिस आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवरची चाचणीची स्क्रिप्ट ब्रोकरच्या दृष्टीने एकच माणूस आहे. काही बिघडलं तर कोणी केलं ते कळणार नाही, आणि पासवर्ड बदलायचा तर सगळं एकाच वेळी बदलावं लागेल. मग तो कोणी बदलतच नाही.

प्रत्येक सर्व्हिसला वेगळी ओळख द्या. स्वतः चालवलेल्या काफ्कावर स्क्रॅम-एसएचए-५१२ (पासवर्ड तपासण्याची एक पद्धत) पुरेसं चांगलं आहे. त्यात पासवर्ड तारेवरून जात नाही. तरीही टीएलएसशिवाय ते वापरू नका, कारण ती देवाणघेवाण कोणी टिपली तर कमकुवत पासवर्ड घरी बसून शोधता येतो, आणि मेसेज तर उघडेच जातात. 'प्लेन' नावाची पद्धत साध्या पोर्टवर असेल तर पासवर्डच उघडा जातो. तुमच्याकडे आज कुठली आहे ते भागीदारांना आजच विचारा. उद्या काफ्का चालवून देणारी ॲमेझॉनची व्यवस्थापित एमएसके सेवा घेतलीत तर तिथे आयएएम रोलने (एडब्ल्यूएसनेच दिलेली ओळख) जोडणी करता येते आणि पासवर्ड ठेवण्याचं दुखणंच संपतं. तिथे पोर्टही वेगळी आहेत: टीएलएससाठी ९०९४, स्क्रॅमसाठी ९०९६, आयएएमसाठी ९०९८. सिक्युरिटी ग्रुपमध्ये ९०९२ उघडून 'जोडणी का होत नाही' म्हणणारे मला नेहमी भेटतात.

ओळख दिली की अधिकार. भागीदारांच्या ब्रोकरवर ऑथरायझर (अधिकार तपासणारा भाग) चालू आहे का हे नक्की विचारा. तो नसेल तर पासवर्ड असलेला कोणीही कुठलाही टॉपिक वाचू शकतो, मिटवू शकतो. चालू करताना ब्रोकरांची स्वतःची ओळख सुपर युजरमध्ये आधी घाला, नाहीतर ब्रोकर एकमेकांनाच नाकारतील आणि क्लस्टर बंद पडेल. मग एसीएल (कोणाला काय करता येईल याची यादी) अशी द्या की जागा नोंदवणाऱ्या सर्व्हिसला एकाच टॉपिकवर लिहिण्याचा अधिकार, वाचण्याचा नाही. वाचणाऱ्याला टॉपिकवर वाचन आणि त्याच्या कन्झ्युमर ग्रुपवर (मिळून वाचणाऱ्या क्लायंटांच्या गटावर) वाचन, दोन्ही लागतात. दुसरं हमखास विसरतं, आणि मग घाईत सगळ्या ग्रुपवर तारांकित अधिकार दिला जातो. तो तारा शोधून काढा.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. एका कंपनीत बाहेरून आलेल्या कंत्राटदाराचं काम संपलं. मी त्याच संध्याकाळी त्याच्या युजरचा पासवर्ड बदलला, नवा पासवर्ड तिजोरीत ठेवला, काम झालं असं कळवलं. तीन आठवड्यांनी आम्ही पॅच लावायला ब्रोकर एकेक करून रीस्टार्ट केले. पहिला ब्रोकर परत उठला आणि लॉगमध्ये त्याच युजरच्या नावाने 'ऑथेंटिकेशन फेल्ड' अशा ओळी एकामागून एक यायला लागल्या, दर काही सेकंदांनी, थांबेनात. त्याच्या कुठल्यातरी मशीनवर एक कन्झ्युमर तीन आठवडे चालूच होता. वाईट हेतू नव्हता, बंद करायला विसरला होता. पण तीन आठवडे आमचा प्रत्येक मेसेज कंपनीबाहेर जात होता, आणि मी मात्र दार बंद केलंय असं सांगून बसलो होतो.

कारण साधं आहे. काफ्का ओळख तपासतं ती जोडणी उघडताना, एकदाच. उघडलेली जोडणी पासवर्ड बदलल्याने तुटत नाही, आणि सतत वाचणारा कन्झ्युमर ती कधीच रिकामी पडू देत नाही. अधिकार मात्र प्रत्येक विनंतीला तपासला जातो. मी त्या दिवशी त्याची एसीएल काढली असती तर पुढच्याच वाचनाला त्याला नकार मिळाला असता. म्हणून कोणाला बाहेर काढायचं असेल तर आधी एसीएल काढा, मग पासवर्ड. आणि ब्रोकरवर ठरावीक वेळाने पुन्हा ओळख विचारण्याची सेटिंग चालू करायला सांगा. काफ्का २.२ पासून ती आहे, पण मुळात शून्य, म्हणजे बंद असते. मी ती एक तासावर ठेवतो. क्लायंटही तितका नवा हवा, नाहीतर दर तासाला त्याची जोडणी तुटेल.

पासवर्ड ठेवण्याबद्दल फार लांबण लावत नाही. ते कोडमध्ये नकोत, कंटेनरच्या इमेजमध्ये नकोत. गिटमधून फाइल काढली तरी इतिहासात ती राहते; एकदा तिथे गेलेला पासवर्ड फुटला असं धरून बदलायचाच. कुबरनेटीसचं सीक्रेट हे नुसतं बेस६४ (सहज उलगडता येणारं लेखन) आहे, ते कुलूप नव्हे. एडब्ल्यूएसच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या पॉडला त्याच्याच रोलने फक्त स्वतःचं सीक्रेट वाचता येईल असं करा.

सगळं बसल्यावर एक त्रास येईल, तो आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा टीएलएसवर संशय घेऊ नका. दिवसा सगळं ठीक चालतं, पण रात्री वाहतूक कमी झाली की अधूनमधून पहिला मेसेज अडकतो किंवा जोडणी तुटल्याची एरर येते. एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर मुळात ३५० सेकंद शांत राहिलेली जोडणी विसरतो, आणि तुम्हाला कळवत नाही. काफ्काचा क्लायंट मात्र नऊ मिनिटं ती जिवंत धरून चालतो. मधल्या काळात गेलेला मेसेज मेलेल्या जोडणीवर जातो. क्लायंटची ही मर्यादा पाच मिनिटांच्या खाली, समजा २४० सेकंदांवर आणा. एका टीमने यासाठी आठवडाभर सर्टिफिकेटं पुन्हा पुन्हा काढलेली मी पाहिली आहेत.

हा बदल एका झटक्यात करू नका. नवा लिसनर जुन्याच्या शेजारी उभा करा. एक कमी महत्त्वाची सर्व्हिस तिकडे न्या, दोन दिवस बघा, मग पुढची. काफ्का प्रत्येक लिसनरवर किती जोडण्या आहेत हा आकडा मेट्रिकमध्ये वेगळा देतं. तो ग्राफ भागीदारांकडून मागून घ्या. ९०९२ चा आकडा शून्यावर येईल असं वाटतं, आणि एक-दोनावर अडून बसतो. ते एक-दोन शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. महिन्यातून एकदा चालणारी एखादी अहवालाची स्क्रिप्ट असते, म्हणून महिनाअखेर उलटेपर्यंत थांबलेलं बरं.

ड्रायव्हरच्या मोबाइलबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय की तोही थेट काफ्काला जोडता येईल का. नाही. मोबाइल ॲप कोणीही उघडून त्यातला पासवर्ड काढू शकतो, आणि काफ्काची जोडणी डोंगरातल्या तुटक्या नेटवर्कसाठी बनलेलीच नाही. कसारा घाटात रेंज गेली की प्रत्येक फोन पुन्हा तिन्ही ब्रोकरांशी हँडशेक करत बसेल. मध्ये एक छोटी सर्व्हिस ठेवा जी मोबाइलकडून एचटीटीपीएस किंवा एमक्यूटीटीवर (तुटक्या नेटवर्कवरही चालणारा हलका प्रोटोकॉल) जागा घेईल, प्रत्येक ड्रायव्हरचं अल्पमुदतीचं टोकन तपासेल आणि मग स्वतः काफ्कात लिहील.

ट्रकची जागा म्हणजे ड्रायव्हरचीही जागा, तेव्हा ती वैयक्तिक माहिती समजूनच वागा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ब्रोकर भागीदारांकडे आहेत, म्हणजे ऑथेंटिकेशनचे आणि नकाराचे लॉगही त्यांच्याकडेच. ते तुम्हाला किती वेळात मिळतील हे करारात लिहून घ्या. रात्री दोन वाजता फोन करून मागायची वेळ आली, तर त्या सहा तासांतले तीन तिथेच जातात.

आज एकच गोष्ट करणार असाल तर भागीदारांना फोन करून ९०९२ च्या सिक्युरिटी ग्रुपचा नियम स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा, आणि लॉगमधला तो ११९५७२५८५६ आकडा शोधायला लावा. काय सापडतं ते कळवा. केकॅटने दिलेली ब्रोकरांची यादीही सोबत पाठवा, पासवर्ड आणि खरे पत्ते झाकून. पुढचं त्यावरून सांगतो.